देवळाचा कारभार आणि मंडळीचे मत

भंडाऱ्याच्या माणसाला निवडणूक म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. १९५४ साली येथे लोकसभेची जी पोटनिवडणूक झाली, तिच्यात राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते आणि ते पडले. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले. ती हकीकत आमच्या गावात अजून निघते आणि निघाली की तासभर चालते. परंतु आज आम्ही ज्या निवडणुकीविषयी बोलणार आहोत, तिच्या मिरवणुका निघत नाहीत, भिंती रंगत नाहीत, आणि शेजारच्या गल्लीतल्या माणसालाही ती झाली हे कळत नाही. ती निवडणूक म्हणजे ख्रिस्ती मंडळीच्या कारभारी समितीची. पाळक नसलेली, दीक्षा न घेतलेली साधी प्रापंचिक माणसे, म्हणजे कोणी शिक्षक, कोणी कारकून, कोणी दवाखान्यातील परिचारिका, त्या समितीसाठी उभी राहतात. मंडळीतले इतर लोक त्यांना मत देतात. आणि निवडून आलेले लोक पुढे देवळाचे छप्पर, पाळकाचा पगार, दानपेटीचा हिशेब, स्मशानभूमीचे कुंपण असल्या गोष्टींचा निकाल लावतात.

आम्ही स्वतः त्या मंडळीचे सभासद नव्हे. तिऱ्हाइताने दुसऱ्याच्या घरच्या कारभारात किती डोकावे, हा प्रश्न आमच्याही मनात आला. पण इतिहासाच्या वाचकाला एक खोड असते. मोठ्या दिवाणखान्यात काय ठरले यापेक्षा लहान खोलीत कोणी काय ठरवले, हे त्याला अधिक मोहात पाडते. आणि या बाबतीत ती लहान खोली अगदी खरीखुरी आहे.

इंग्लंडात पुष्कळ देवळांना लागून एक खोली असते. तिच्यात धर्मगुरूंची उपासनेची वस्त्रे ठेवतात, म्हणून तिचे नाव ‘व्हेस्ट्री’. गावकरी वर्षातून एकदा या खोलीत जमत आणि गावाचा कारभार ठरवीत. खोलीचे नाव हळूहळू सभेला चिकटले. आपल्याकडे ‘चावडी’ हा शब्द जसा इमारतीचाही होतो आणि न्यायाचाही, तसाच हा प्रकार. ही सभा केवळ देवळापुरती होती असे मात्र कोणी समजू नये. १५५५ च्या कायद्याने गावच्या रस्त्यांची देखभाल पॅरिशवर टाकली, १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाची. त्यासाठी पट्टी बसवावयाची, ती वसूल करावयाची, खर्चावयाची, हे सारे व्हेस्ट्रीच्या हाती आले. १६०४ च्या धर्मनियमांत देवळाचे कारभारी निवडण्याची रीतही सांगितली आहे : पाळक आणि गावकरी यांनी एकमताने निवडावे, एकमत न झाल्यास एक पाळकाने निवडावा, एक लोकांनी. तडजोडीचा इतका सरळ मार्ग आमच्याकडच्या पुष्कळ संस्थांच्या घटनांत अजून सापडत नाही.

पुढे तेथेही धनवंतांचे फावले. १८१८ च्या कायद्याने ज्याची मिळकत मोठी त्याला जास्त मते, आणि ती एकापासून सहापर्यंत, अशी सोय झाली. सहा मतांचा माणूस आणि एका मताचा माणूस एकाच खोलीत बसून गरिबांना किती पाव द्यावयाचा ते ठरवीत! १८९४ साली गावकारभार देवळापासून तोडून नव्या ग्रामसमित्यांकडे दिला गेला, आणि धार्मिक कारभारासाठी १९२१ च्या कायद्याने मतदारयादीवरील लोकांनी निवडलेल्या पॅरिश समित्यांना अधिकार मिळाले.

अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी ही खोली बरोबर नेली. व्हर्जिनियात व्हेस्ट्रीचे बारा सभासद असत. आरंभी ते निवडले जात, पण एकदा बसले की उठत नसत. जागा रिकामी झाली की उरलेले अकरा आपल्या पसंतीचा बारावा घेत. जॉर्ज वॉशिंग्टन हे १७६२ पासून ट्रूरो पॅरिशच्या व्हेस्ट्रीवर होते. क्रांतीनंतर राजाशी नाते तुटले आणि तेथील मंडळ्यांनी ‘एपिस्कोपल’ चर्च म्हणून नवी घडी बसवली. एपिस्कोपल याचा अर्थ बिशप असलेले. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता ‘देखरेख करणारा’ एवढाच आहे. या चर्चने बिशप ठेवले, पण १७८५ च्या पहिल्या सर्वसाधारण अधिवेशनापासूनच प्रापंचिक सभासदांचे प्रतिनिधी पाळकांच्या शेजारी बसवले. आज तेथे मंडळीच्या वार्षिक सभेत व्हेस्ट्री निवडतात. बहुधा तीन वर्षांची मुदत, आणि दरवर्षी एकतृतीयांश जागा मोकळ्या. उभा राहणारा सभासद आपण कोण, काय करू इच्छितो, हे चार ओळींत मंडळीपुढे ठेवतो. वरवर पाहता ही एखाद्या सहकारी पतपेढीची निवडणूक वाटेल. तशी ती आहेही, आणि नाहीही.

भंडाऱ्यात जे मिशन आले ते मात्र इंग्लंडातून किंवा अमेरिकेतून आले नाही. ते स्कॉटलंडमधून आले, आणि बिशप न मानणाऱ्यांकडून आले. त्याची जन्मकथा आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते, कारण ती कथाच मुळी मताच्या हक्काची आहे.

आपल्या भागातल्या श्रोत्यांना मालगुजार हा शब्द नवा नाही. १९५१ साली ती पद्धत गेली, पण मालगुजारी तलाव अजून त्याच नावाने ओळखले जातात. आता अशी कल्पना करा, की गावच्या देवळात पुजारी कोण असावा हे ठरवण्याचा हक्कही मालगुजाराच्या सनदेत लिहिलेला आहे; तो हक्क वारसाने मुलाकडे जातो, जमिनीबरोबर विकताही येतो; आणि गावकऱ्यांना तो पुजारी पसंत आहे की नाही हे कोणी विचारीत नाही. स्कॉटलंडमध्ये १७१२ च्या कायद्याने नेमकी हीच स्थिती होती. तेथील जमीनदाराला या नात्याने ‘पेट्रन’ म्हणत. शंभर वर्षे लोक कुरकुरत राहिले. अखेर १८३४ साली त्या चर्चच्या सर्वसाधारण सभेने ठराव केला, की पेट्रनने पाठवलेला पाळक कुटुंबप्रमुखांच्या बहुमताने नाकारला तर तो नेमू नये.

ठराव झाला आणि लगेच परीक्षेची वेळ आली. ऑक्टरार्डर नावाच्या गावी तेथल्या सरदाराने एका तरुणाचे नाव पाठवले. तीनशे तीस कुटुंबप्रमुखांपैकी दोनशे ऐंशीहून अधिकांनी त्याला नकार दिला. त्याच्या बाजूने सही करणारे गावकरी निघाले अवघे दोन. प्रकरण न्यायालयात गेले. १८३८ साली स्कॉटलंडच्या न्यायालयाने आणि १८३९ साली लंडनच्या लॉर्डांच्या सभेने निकाल दिला, की पेट्रनचा हक्क ही मालमत्ता आहे, आणि तीनशे माणसांच्या नापसंतीने ती बुडत नाही. कायद्याच्या दृष्टीने निकाल चुकला असे आम्ही म्हणत नाही. पण कायदा बरोबर आणि माणसे दुखावलेली, अशी स्थिती फार काळ टिकत नाही. १८ मे १८४३ या दिवशी एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज देवळात सर्वसाधारण सभा भरली असता अध्यक्ष डेव्हिड वेल्श यांनी निषेधपत्र वाचले, ते टेबलावर ठेवले आणि ते दाराबाहेर पडले. त्यांच्यामागून बाहेर पडलेल्यांनी थॉमस चामर्स यांना अध्यक्ष करून ‘फ्री चर्च’ स्थापन केले. सुमारे बाराशे पाळकांपैकी पावणेपाचशेच्या आसपास त्यात गेले. पगार सोडला, राहती घरे सोडली. हिंदुस्थानातले त्यांचे सर्व मिशनरीही नव्या चर्चबरोबर गेले. कलकत्त्यास अलेक्झांडर डफ आणि मुंबईस जॉन विल्सन यांना इमारती मागे टाकून पुन्हा प्रारंभ करावा लागला.

या फुटीनंतर दोनच वर्षांनी, १८४५ च्या प्रारंभी, फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप नागपुरास पोचले. तेव्हा तेथे तिसरे रघुजी भोसले गादीवर होते. हिस्लॉप यांचे नाव आपण कॉलेजामुळे घेतो. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांचे नाव दगडांमुळे घेतात. गोंडांच्या परंपरांवरील त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली रिचर्ड टेंपल यांनी प्रसिद्ध केली. १८६३ च्या सप्टेंबरात टाकळघाटच्या परिसरातून परतताना नदीच्या पुरात ते बुडाले. त्यांनी घातलेल्या पायावरच पुढे, १८८० नंतरच्या काळात, वैनगंगेकाठी भंडाऱ्यात मिशनचे ठाणे, शाळा आणि दवाखाना उभा राहिला.

या स्कॉटिश पद्धतीत बिशप नाही. मंडळी आपले ‘वडील’ निवडते. मराठी बायबलात हाच शब्द आहे. पाळक आणि वडील मिळून मंडळीचा कारभार पाहतात. ज्या मिशनचे जनक जमीनदाराने पाळक लादू नये म्हणून घरदार सोडून बाहेर पडले, त्या मिशनने भंडाऱ्यात मंडळीच्या मताला केवढे मोल दिले असेल, असे श्रोत्यांना वाटेल. नियमांत ते मोल होतेच. व्यवहार निराळा होता, आणि त्याला कारण पैसा.

पाळकाचा पगार एडिंबरोहून, शाळेची इमारत एडिंबरोच्या देणगीतून, दवाखान्याची औषधे तिकडूनच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांत मध्य प्रांतात मिशनांनी अनाथ मुले सांभाळली. ही मुले मोठी झाली, त्यांतली काही मिशनच्याच नोकरीत लागली, मिशनच्याच आवारात राहू लागली. साहेबांनी आपल्याला वाढवले, साहेबच पगार देतात, आणि आज सभेत साहेबांच्या मताविरुद्ध हात वर करावयाचा! हा हात किती जड झाला असेल याची कल्पना कोणालाही करता येईल. म्हणजे स्कॉटलंडातला पेट्रन मागे टाकून आलेले लोक येथे नकळत स्वतःच पेट्रन होऊन बसले. आम्ही हे दोष देण्यासाठी म्हणत नाही. उपकारकर्त्याची अडचण ही असते, की त्याला आपला अधिकार दिसत नाही. त्याला फक्त आपला उपकार दिसतो.

ही अडचण मिशनरींतील शहाण्यांना दिसली नव्हती असे नाही. इंग्लंडातील हेन्री व्हेन आणि अमेरिकेतील रूफस अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच सांगितले होते, की देशी मंडळीने आपला कारभार, आपला खर्च आणि आपला प्रसार आपणच करावा. अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात येऊन गेले. त्याच सुमारास अहमदनगरास हरी रामचंद्र खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. पण खर्च आणि कारभार ही जोडगोळी आहे. खर्च दुसऱ्याचा आणि कारभार आपला, हे प्रपंचात चालत नाही, देवळात तरी कसे चालावे?

मराठी ख्रिस्ती माणसाने हा प्रश्न मुकाट्याने सोसला असे समजणे मात्र अन्यायाचे होईल. पंडिता रमाबाईंनी १८८३ साली वाँटेज येथे इंग्लंडच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर सिस्टर जेराल्डीन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात धर्मगुरूंच्या आज्ञेपुढे आपली सदसद्विवेकबुद्धी गहाण टाकण्यास त्यांनी स्पष्ट नकार दिला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून सुटून दुसऱ्याच्या जोखडात मान घालावयाची नाही, असा त्यांचा आशय होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर आयुष्याच्या अखेरीस, १९१७ साली, मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. दोघांनीही निवडणूक लढवली नाही. परंतु सामान्य सभासदाला स्वतःचे मत असते, आणि ते विचारावे लागते, ही गोष्ट त्यांनी कोणत्याही घटनेआधी सांगून ठेवली.

आता बिशप मानणाऱ्या बाजूकडे वळू. आपल्या शेजारी चांद्याला स्कॉटलंडच्याच एपिस्कोपल चर्चचे मिशन होते. एकाच देशातून आलेली दोन मिशने, एक भंडाऱ्यात, एक चांद्यात, आणि दोघांचे भांडण बिशप असावा की नसावा यावर! आमच्या पूर्वजांना हे भांडण कितपत कळले असेल, देव जाणे. नागपूरचे स्वतंत्र धर्मप्रांत १९०३ साली झाले. पहिले बिशप आयर चॅटर्टन हे आयर्लंडचे, गोंडवनाचा इतिहास लिहिणारे. त्यांच्या मायदेशी १८७१ पासून चर्च सरकारपासून वेगळे झाले होते आणि प्रापंचिक सभासदांनी निवडलेल्या समित्यांवर ते चालत होते. पण नागपुरात त्यांना ती रीत आणता येणे कठीण, कारण येथील इंग्लिश चर्च हे सरकारी खाते होते. बिशप राजाने नेमावयाचा. कामठीसारख्या छावणीतील देवळाचा धर्मगुरू सरकारी पगार घ्यावयाचा. आणि देवळात बसणारे निम्मे लोक पलटणीचे, ज्यांची दोन वर्षांनी बदली व्हावयाची. अशा मंडळीत मतदारयादी कोणाची करणार?

ही गाठ सुटली ती १९२७ च्या इंडियन चर्च कायद्याने. १ मार्च १९३० पासून हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने वेगळे झाले. त्याची घटना घडवण्यात मुंबईचे बिशप पामर यांचा मोठा वाटा होता. वरच्या मंडळात बिशप, पाळक आणि प्रापंचिक सभासद अशी तीन सदने, आणि खाली ठिकठिकाणी निवडलेल्या समित्या. त्याच वर्षी, त्याच महिन्यात गांधीजी दांडीला निघाले होते. त्या गदारोळात एक परदेशी राजा एका हिंदुस्थानी संस्थेवरचा आपला हक्क न भांडता सोडून देत आहे, याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. ते साहजिकच होते. चांद्याच्या मिशनात वर्षानुवर्षे घालवलेले अलेक्झांडर वुड तेव्हा नागपूरचे बिशप होते.

दोन प्रवाह असे वेगवेगळे वाहत असताना ते एकत्र करण्याच्या वाटाघाटी १९२९ पासून सुरू झाल्या, आणि चाळीस वर्षे चालल्या. बिशप ठेवावा, पण तो घटनेने बांधलेला असावा. वडिलांची परंपरा राखावी. स्थानिक मंडळीचे स्वातंत्र्यही राखावे. तिन्ही पद्धतींचे लोक एका ताटात बसवावयाचे म्हणजे मीठमसाला जपूनच घालावा लागतो. प्रत्येक चर्चने आपापल्या सभांत मते घेतली. मेथॉडिस्टांचे मोठे चर्च तर अगदी शेवटच्या टप्प्यात, १९७० सालीच, बाजूला झाले. उरलेल्या सहा चर्चांनी २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले. भंडाऱ्यापासून साठेक किलोमीटरवर, आमच्या तालुक्यातल्या धानाच्या कापणीच्या दिवसांत, ही एवढी मोठी गोष्ट घडली.

स्कॉटिश परंपरेत वाढलेल्या सभासदाला त्यानंतर दोन नवलाच्या गोष्टी पाहाव्या लागल्या. एक, त्याच्यावर बिशप आला. दुसरी अधिक घरगुती होती. पूर्वीचा ‘वडील’ एकदा निवडला की साधारणपणे जन्मभराचा वडील. आता कारभार ‘पास्टोरेट कमिटी’कडे, म्हणजे प्रभुभोजनास बसणाऱ्या सभासदांनी ठरावीक मुदतीसाठी निवडलेल्या समितीकडे गेला, पाळक तिचा अध्यक्ष, शिवाय चिटणीस आणि खजिनदार. ज्याला मंडळी ‘वडील’ म्हणून वंदन करीत आली, त्याला आता दर मुदतीला पुन्हा मत मागावयाचे. खेड्यातल्या म्हाताऱ्या पाटलाला सरपंचपदासाठी उभे राहावे लागले तेव्हा जे वाटले असेल, तेच. लहान गावची मंडळी म्हणजे चाळीस-पन्नास घरे, त्यांतली निम्मी एकमेकांची सोयरी. मत कोणाला दिले हे गुप्त ठेवले तरी कोणाला दिले नसेल याचा अंदाज सर्वांनाच असतो, आणि पुढच्या रविवारी त्याच बाकावर शेजारी बसावयाचे असते.

आणि आता खर्चही आपला झाला होता. परदेशी मिशने मागे सरली. जमिनी, शाळा, दवाखाने यांचा कारभार येथल्या विश्वस्तांकडे आणि समित्यांकडे आला. पूर्वी समितीपुढे दानपेटीतल्या आण्यांचा हिशेब असे. आता शहराच्या मध्यावर आलेल्या, भाव चढलेल्या जमिनींचा प्रश्न आला. जेथे ठरवण्यासारखे काही असते तेथेच उभे राहणाऱ्यांची गर्दी होते. ती गर्दी सगळीच सेवाभावाने आलेली नसते, हे आपण आपल्या देवस्थानांच्या आणि शिक्षणसंस्थांच्या अनुभवावरून जाणतो. शिखांनी १९२५ च्या कायद्याने आपल्या गुरुद्वारांचा कारभार महंतांच्या हातून काढून निवडलेल्या समितीकडे दिला; तेथेही पुढे याच कटकटी झाल्या.

तमिळ देशात उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातला चोळ राजा परांतकाच्या काळचा शिलालेख आहे. गावच्या समित्यांवर कोणी बसावे याचे नियम त्यात कोरले आहेत. लायक माणसांची नावे ताडपत्राच्या तुकड्यांवर लिहून मडक्यात टाकावी आणि लहान मुलाकडून काढवावी. पण मडक्यात नाव पडण्याआधी एक अट : जो पूर्वी समितीवर होता आणि ज्याने हिशेब दिला नाही, त्याचे नाव घालू नये; त्याच्या जवळच्या नातलगांचेही घालू नये. आम्ही हा नियम प्रथम वाचला तेव्हा तो हजार वर्षांपूर्वीचा आहे यावर क्षणभर विश्वास बसेना.

स्त्रियांचे काय, असा प्रश्न कोणीतरी विचारीलच. रविवारी देवळात येणाऱ्यांत त्या अधिक, दानपेटीत टाकणाऱ्यांत अधिक, आणि मिशनच्या दवाखान्यात रात्रपाळ्या करणाऱ्या तर त्याच. तरी स्कॉटलंडच्या मूळ चर्चमध्ये स्त्रीला ‘वडील’ होता आले ते १९६६ साली. अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चच्या सर्वसाधारण अधिवेशनात निवडून आलेल्या स्त्रिया प्रतिनिधी म्हणून प्रथम बसल्या त्या १९७० साली, म्हणजे नागपूरचे ऐक्य झाले त्याच वर्षी. ऑक्टरार्डरच्या ज्या तीनशे तीस मतांसाठी एक चर्च दुभंगले, तीही कुटुंबातील पुरुषांचीच होती.

ख्रिस्ती परंपरेत अशा निवडणुकीचा पहिला दाखला खुद्द बायबलातच, प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोजचे अन्न वाटले जात असे. ग्रीक बोलणाऱ्यांनी तक्रार केली, की वाटपात आमच्या विधवांना वगळले जाते. प्रेषितांनी स्वतः वाटप हाती घेतले नाही, की आपल्या पसंतीची माणसे निवडली नाहीत. त्यांनी मंडळीलाच सात माणसे निवडावयास सांगितले. त्या सातांची नावे तेथे दिली आहेत. स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव : सगळी नावे ग्रीक. ज्यांची तक्रार होती, त्यांच्याच हाती मंडळीने भाकरीची टोपली दिली.